वीस नारळांना दहा म्हणणारा माणूस

पॅसिफिक महासागर मी आजतागायत पाहिलेला नाही. पण त्यातल्या एका टीचभर बेटावरचे लोक मासे कसे मोजतात, होड्या कशा मोजतात आणि नारळ कसे मोजतात, हे मला कधीही विचारा, मी धडाधड सांगेन. हे ज्ञान मला कुवेतमध्ये मिळालं, आणि तेही पगाराबाहेरचं काम म्हणून.

रुपये जाऊन दिनार आले त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. मी एका मोठ्या कंपनीच्या स्टोअर्स खात्यात टायपिस्ट होतो. खात्याचा साहेब इंग्रज. कुवेतला येण्याआधी नऊ वर्षं तो त्या बेटावर सरकार होता. सरकारचा नोकर म्हणत नाही मी, सरकारच म्हणतो, कारण बेटावर दुसरा गोरा माणूस नव्हता. न्याय तोच करायचा, दंड तोच ठोठावायचा, आणि सणासुदीला झेंडाही तोच चढवायचा. एवढं राज्य करून झाल्यावर माणसाला वाळवंटात येऊन पाइपांचे जोड आणि नटबोल्ट मोजत बसावं लागावं, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं.

साहेब त्या बेटावरच्या मोजणीवर पुस्तक लिहीत होता. गुरुवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं, की तो कपाटातून एक फुगलेली फाइल काढायचा आणि माझ्यासमोर ठेवायचा. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. मी ते टाइप करायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण माझ्या रजेच्या अर्जावर सही त्याची असे आणि मला दोन वर्षांतून एकदा का होईना रत्नागिरीचा किनारा बघायचा होता. उन्हाळ्यात धूळ उठली की दारंखिडक्या बंद करूनही टाइपरायटरच्या दातांत वाळू जायची. एका हाताने ब्रश मारत दुसऱ्या हाताने मी ती बेटावरची मोजणी टाइप करत असे.

तासी, रुआ, तोलु, फा, लिमा. एक ते पाच. लिमा म्हणजे पाच, आणि लिमा म्हणजेच हात. इथवर सगळं सरळ होतं. पण पुढे माशांच्या दहांना एक शब्द, होड्यांच्या दहांना दुसरा आणि नारळांच्या दहांना तिसराच. साहेबाचा निष्कर्ष असा, की ह्या लोकांना दहा मासे कळतात, दहा नारळ कळतात, पण नुसते दहा कळत नाहीत. मानवी बुद्धीच्या बाल्यावस्थेचा हा पुरावा होता म्हणे. हे वाक्य मी ज्या यंत्रावर टाइप केलं त्या यंत्रावर 'एक' हा आकडाच नव्हता. एक लिहायचा तर इंग्रजी एल दाबून भागवावं लागे. इतक्या मोठ्या कंपनीचा कारभार एकाविना चालला होता आणि त्यावर कुणी पुस्तक लिहीत नव्हतं.

एकदा साहेबाला तुलनेसाठी माझी भाषा हवी झाली. "तुम्ही लोक कसं मोजता?" त्याने विचारलं. मला जरा चढलं. मराठी शाळेत मास्तरांनी छडी मारून मारून पाढे घोकून घेतले होते, ते दाखवायची संधी परदेशात प्रथमच आली होती. मी पावकी सांगितली, निमकी सांगितली, दिडकी सांगितली आणि शेवटी छाती काढून औटकी सुरू केली. दोन औट सात, तीन औट साडेदहा. "औट म्हणजे?" साहेब म्हणाला. म्हटलं, साडेतीन. साहेबाने पेन खाली ठेवलं. "साडेतीनला वेगळा शब्द? आणि त्याचा पाढा? कशासाठी?" आता कशासाठी ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ऐकून तर तो खूशच झाला. त्याने तळटीप लिहिली आणि मलाच टाइप करायला दिली: लेखकाच्या टायपिस्टची जमात एक कमी असतानाच पुढच्या दशकाचे नाव घेऊन मोकळी होते, यावरून तिच्या स्वभावातील उतावळेपणा दिसतो. मी मूग गिळून ती टाइप केली. जमात हा शब्द मात्र मला फार लागला. मी मॅट्रिक होतो.

सातवं प्रकरण नारळांचं. साहेबाचं ते सगळ्यात लाडकं. बेटावर तो दर महिन्याला सरकारी कोठारासाठी शंभर नारळ मागवायचा. लोक दोनशे आणून टाकायचे. दर महिन्याला, न चुकता दोनशे. साहेब स्वतः मोजून घ्यायचा. यावरून त्याने दोन गोष्टी सिद्ध केल्या होत्या. एक, हे लोक मनाने अतिशय उदार आहेत. दोन, ते मोजणीत अतिशय कच्चे आहेत. जास्तीचे शंभर परत करावेत असं त्याच्या मनात एक-दोनदा येऊन गेलं होतं, पण त्यांच्या भावना दुखावतील म्हणून त्याने ते ठेवून घेतले, असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नाही. मजकूर टायपिस्टच्या बोटांतून जातो, डोक्यातून जाईलच असं नाही.

मी शहरातल्या मुरगाब मोहल्ल्यात एका खोलीत राहत असे. खोलीत आम्ही चौघे, पण ह्या गोष्टीत कामाचे एकटे मामू. मामू आमच्यात सगळ्यांत वडील, रायगडच्या किनाऱ्याकडचे, घरची नारळाची बाग भावांवर सोडून आलेले. बंदरावर बोटीतून उतरणारी पोती मोजायचं त्यांचं काम. मामू कधी 'एक' म्हणत नसत. पहिल्या पोत्याला 'बरकत' म्हणायचे आणि मग दोन, तीन, चार. आमच्याकडे धान्य मापताना असंच म्हणतात, म्हणून मला त्यात वावगं वाटत नसे. पण नव्या आलेल्या इंग्रज सुपरवायझरने आठवडाभर ऐकून शेवटी विचारलं होतं, की प्रत्येक बोटीवर सगळ्यात आधी हजर असणारा हा बरकत कोण, त्याला बढती का देत नाहीत?

एका संध्याकाळी मामू डब्यात भात आणि माशाचं कालवण भरताना दिसले. कुणासाठी म्हणून विचारलं.

"इस्पितलात येक खलाशी हाय," मामू म्हणाले. "बोटीच्या पोटात पडला, पाय मोडला. बोट गेली निघून. त्याचं हितं कुनी नाय. इस्पितलातला सूप पितो आनि भिंतीकडं बगत बसतो. दर्याचा मानूस, त्याला मासली नको?"

खलाशाची कथा अशी होती. त्याचे कागद बोटीबरोबर गेले होते. बोटीच्या एजंटाकडच्या कारकुनाने तारा केल्या, तेव्हा उत्तर आलं की हा माणूस सिंगापूरला कामावर घेतला होता. झालं, कारकुनाने त्याला सिंगापूरला धाडायचं ठरवलं. सिंगापुरात त्याचं कोण आहे, तिथे लंगडत उतरून तो कुठे जाईल, हा कारकुनाच्या फाइलीतला प्रश्न नव्हता. खलाशाला मोडकं इंग्रजी येत होतं, पण ते सगळं दोरखंड, रंग आणि जेवण यांच्यापुरतं. घर कुठे म्हटलं की तो एक नाव सांगायचा. कारकुनाने नकाशावर बोट फिरवून पाहिलं, नाव सापडेना. सापडणार कसं? नकाशे करणाऱ्यांनी बेटांना आपापल्या कप्तानांची नावं दिलेली. तिथे राहणारे लोक बेटाला काय म्हणतात हे विचारायला त्यांना सवड झाली नव्हती.

मामूंनी ते नाव जसं ऐकलं तसं मोडूनतोडून मला सांगितलं आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. ते नाव मी पानापानावर टाइप केलं होतं. अख्ख्या कुवेतमध्ये त्या खलाशाच्या बेटावर राहून आलेला एकच माणूस होता आणि तो माझा साहेब होता. त्या वेळी मला इतका आनंद झाला की मी मामूंना मिठी मारली. नऊ महिने फुकट टाइप केलेलं अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाला सांगितलं. तोही खुर्चीतून उठला. एजंटाच्या कारकुनाला फोन गेला. कारकून म्हणाला, साहेबासारख्या जुन्या अधिकाऱ्याने लिहून दिलं की हा माणूस अमुक बेटावरचा आहे, तर ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या बोटीवर त्याला चढवता येईल आणि तिथलं सरकार त्याला पुढे घरी पोचवील. नाहीतर पुढल्या बुधवारी सिंगापूर. म्हणजे सगळा खेळ एका पत्राचा होता आणि ते पत्र मीच टाइप करणार होतो. मी निर्धास्त झालो.

शुक्रवारी मामू नमाज आटोपून आल्यावर आम्ही दोघे इस्पितळात गेलो. मामूंनी मलबारहून आलेल्या एका गलबतावरून वीस नारळ गोणीत घालून आणले होते, कारण साहेब त्याची मोजणी ऐकूनच खात्री करणार होता आणि त्याने बजावलं होतं, मोजायला काहीतरी हवं. साहेब गाडीतून आला. काखेत सातवं प्रकरण.

खलाशी पस्तिशीचा असेल, रुंद खांद्यांचा, पाय प्लॅस्टरमध्ये. साहेब खाटेसमोर ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. किती वर्षांनी आपली भाषा कानांवर पडली असेल त्याच्या! पण पुढच्याच क्षणी तो धडपडत खाटेवरून उठायला लागला. मामूंनी त्याला धरून बसवलं.

"आपण काय म्हणालात, साहेब?" मी विचारलं.

"सर्वांनी रांगेत उभं राहा."

"पण तो एकटाच आहे."

"त्या भाषेतलं मला हेच वाक्य सगळ्यात चांगलं येतं," साहेब म्हणाला.

मग खलाशी बोलायला लागला. धबधबा कोसळावा तसा बोलत होता. मध्येच छातीवर हात ठेवी, मध्येच दाराकडे दाखवी, एकदा डोळे पुसून हसला. साहेब मान डोलवत "हं, हं" करत होता. मी हळूच विचारलं, काय म्हणतोय? साहेब म्हणाला, "काही नाही, घरगुती गोष्टी." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबाला त्या भाषेत हुकूम करता येत होते आणि मोजता येत होतं. नऊ वर्षं राज्य करायला एवढं पुरलं होतं.

"मोज," साहेबाने त्याला सांगितलं. खलाशी इकडेतिकडे बघायला लागला, काय मोजू म्हणून. मामूंनी गोणी उपडी केली. नारळ फरशीवर गडगडले. नर्स ओरडली. खलाशाने वाकून एक उचलला, कानाशी धरून हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं. मामू खदखदून हसले. "जुना हाय म्हनतो! बरोबर हाय, जुनाच हाय!" नारळाच्या बागेत वाढलेली दोन माणसं एकमेकांना भेटली होती आणि त्यांना दुभाष्याची गरज नव्हती.

मग तो मोजायला लागला. प्रत्येक हातात एक असे दोन नारळ उचलायचे, खाटेखाली एकदम ठेवायचे आणि एक शब्द म्हणायचा. पुन्हा दोन, पुढचा शब्द. हात सरावाचे, जराही अडखळत नव्हते. शेवटचे दोन ठेवून त्याने साहेबाकडे पाहिलं आणि सांगितलं. तो शब्द मला पाठ होता. नारळांचे दहा.

साहेबाचं पेन थांबलं. त्याने नारळ स्वतः मोजले. वीस. पुन्हा मोजले. पुन्हा वीसच भरले. "चूक," तो त्या भाषेत म्हणाला. न्यायनिवाडा करणाऱ्याला एवढा शब्द येणारच. खलाशाने पुन्हा मोजून दाखवले. पुन्हा तेच. साहेबाने सातवं प्रकरण उघडून त्याच्या नाकासमोर धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. आपल्या भाषेतले आकडे कसे आहेत ते त्या माणसाला इंग्रजीत टाइप केलेले दाखवण्यात आले. त्याला वाचता येत नव्हतं. तो थोडा वेळ गोंधळला, मग आमचे मास्तर पाढा चुकलेल्या पोराकडे बघत तसं त्याने साहेबाकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्याने साहेबाचे दोन्ही हात धरले, प्रत्येक हातात एक नारळ ठेवला आणि आपलं एक बोट वर केलं. हे एक.

साहेबाने हात झटकून नारळ खाली टाकले आणि बाहेर आला. गाडीत बसता बसता मला म्हणाला, "हा त्या बेटावरचा नाही. नाव काय, बोटीवर कुणाकडूनही ऐकता येतं. आकडे खोटं बोलत नाहीत." आणि गाडी निघून गेली.

मामू आणि मी बसच्या थांब्याकडे चालत होतो. ऊन मी म्हणत होतं.

"तुजा सायब येडा हाय काय रे, बाला?" मामू म्हणाले. "नारल कुनी येक-येक मोजतं? अल्लानं दोन हात कशाला दिले? आमच्या बागंत पन जोडीच मोजतात. दा जोड्या मोजल्या, तो दा म्हनाला. त्याचं काय चुकलं?"

मी चालायचा थांबलो. सातवं प्रकरण डोळ्यांपुढे आलं. शंभर मागितले की दोनशे येत. मी ते मामूंना सांगितलं. मामूंना हिशेब करायला क्षणही लागला नाही.

"म्हंजे त्यानं शंभर मागले नि लोकांनी शंभर जोड्या दिल्या. नऊ वर्सां दुप्पट खाल्लान!" ते हसायला लागले आणि मग हसता हसता थांबले. "त्या लोकांनी झाडांवर चढून काडलेले नारल ते. आता ह्या मानसाला सिंगापूरला टाकनार? तू सांग सायबाला."

"मी?"

"मंग काय मी? इंग्रजी तुला येतं."

शनिवारी सकाळी साहेबाने मला बोलावून पत्र सांगायला सुरुवात केली. सदर इसमाची मी समक्ष तपासणी केली असता तो त्या बेटावरील नसल्याचे... इथे माझी बोटं थांबली. मामूंच्या नजरेसमोर रोज जेवायला बसायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे कोकणातही नारळ जोडीने मोजतात."

साहेबाने फाइल ओढली आणि सातवं प्रकरण काढलं. तो वाचत गेला तसे त्याचे कान लाल होत गेले. मी त्या माणसाला तेव्हा प्रथमच म्हातारा झालेला पाहिला. "नऊ वर्षं," तो म्हणाला, माझ्याशी नव्हे. "नऊ वर्षांत मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

सांगितलं असेल, साहेब. पण ते घरगुती गोष्टीत गेलं असेल. हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची छाती झाली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण तो एक क्षण असा होता की दार किलकिलं झालं होतं. साहेबाने फाइल मिटली. "शक्य नाही," तो म्हणाला. "पुस्तक पुरं झालेलं आहे. पुढे लिही, बेटावरील नसल्याचे."

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते उघड होतं. खलाशी त्या बेटावरचा ठरला तर त्याची मोजणी खरी ठरत होती, आणि त्याची मोजणी खरी ठरली तर सातवं प्रकरण, उदारता, बुद्धीची बाल्यावस्था, नऊ वर्षांचे दुप्पट नारळ, सगळंच साहेबाच्या अंगावर येत होतं. ह्या भीतीपायी एक माणूस बुधवारी सिंगापूरला जाणार होता. मला काहीतरी सुचायलाच हवं होतं, आणि मला सुचलं. माझी अक्कल नको तेव्हा फार चालते.

"साहेब," मी म्हटलं, "असंही असेल, की माणूस तिथलाच आहे, पण बोटीवर राहून राहून मोजणी विसरला. आपल्या पुस्तकात असं उदाहरण नाही. आणि ते शोधून काढायला आपल्याइतकी पारख लागते."

मी साहेबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतो हे त्याला कळलं असेलही. पण ते झाड त्या वेळी त्याला फार सोयीचं होतं. त्याच्या खांद्यांतला ताठपणा परत आला. खोलीत दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "जुना कागद फाड. नवा लाव."

नवं पत्र असं होतं. सदर इसम त्या बेटाचा रहिवासी आहे याबद्दल मला शंका नाही. इथवर ठीक. त्याच्या खाली दुसरा परिच्छेद: तथापि दीर्घकाळ समुद्रावर राहिल्याने त्याची बुद्धी मंद झाली असून स्वतःच्या भाषेतील साधी मोजणीही तो विसरला आहे. संख्येच्या बाबतीत त्याच्या शब्दावर कोणीही विसंबू नये.

मी म्हटलं, साहेब, दुसरा परिच्छेद एजंटाला कशाला? साहेब म्हणाला, तो नसेल तर पहिलाही नाही. म्हणून मी दोन्ही टाइप केले. तीन प्रती, मध्ये कार्बन, एकही खाडाखोड नाही. माझं टायपिंग स्वच्छ असे, त्याबद्दल वर्षाअखेरी शेरा मिळत असे. त्या आठवड्यात साहेबाने पुस्तकाला एक परिशिष्ट जोडलं, समुद्रावरील जीवनाने आदिम बुद्धीचा होणारा ऱ्हास, आणि तेही मीच टाइप केलं. पुस्तक पुढे छापून निघालं की नाही ठाऊक नाही. साहेब वर्षभराने मायदेशी गेला. जाताना माझ्या रजेवर सही करून गेला.

एजंटाच्या कारकुनाने पत्राचा पहिला परिच्छेद वाचला, शिक्का मारला आणि ऑस्ट्रेलियाकडच्या बोटीवर जागा धरली. मामूंना मी एवढंच सांगितलं की पत्र झालं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. दुसऱ्या परिच्छेदाबद्दल त्यांना मी कधीच सांगितलं नाही. ते वारले तेव्हाही सांगायचं राहून गेलं असं म्हणता येणार नाही, कारण मला सांगायचंच नव्हतं.

निघायच्या दिवशी मामूंच्या ओळखीने मी बंदराच्या आत गेलो. खलाशी कुबड्यांवर उभा होता, मामूंनी घेऊन दिलेला सदरा घालून. पत्र लिफाफ्यात नव्हतं, वाटेत दाखवायला लागेल म्हणून कारकुनाने त्याच्याच हातात दिलं होतं. त्याने ते माझ्यासमोर उलगडलं. पहिल्या परिच्छेदात मी बेटाचं खरं नाव, तिथले लोक म्हणतात ते, टाइप केलं होतं. ते कारकुनाने त्याला दाखवून ठेवलं असावं, कारण त्याने नेमकं त्यावर बोट ठेवलं, मोठ्याने वाचल्यासारखं म्हटलं आणि हसला. "होम," तो म्हणाला.

"होम," मी म्हटलं.

मग त्याचं बोट खाली सरकलं. दुसऱ्या परिच्छेदावर थांबलं. "दिस?" म्हणजे हे काय, असं त्याने विचारलं. माझी चूक कबूल करायला दोघांच्या मिळून इंग्रजीत शब्द नव्हते, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे चार शब्द पुरले असते.

"गुड मॅन," मी म्हटलं. "यू, गुड मॅन."

त्याने पत्राची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि कुबडी काखेत धरून माझा हात दोन्ही हातांत घेतला. भोंगा झाला. शिडी चढायला मामूंनी त्याला मदत केली.

तो घरी पोचला असणार. पत्रही त्याने जपून ठेवलं असणार, परदेशातल्या साहेबाने आपल्याला चांगलं म्हटल्याचं. आता तिथे शाळा निघाली असेल, त्याच्या पोरानातवंडांना इंग्रजी वाचता येत असेल. कधीतरी त्याने कौतुकाने ती घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली असेल, वाचा म्हणून.